कार्बन फायबरचे इंटरकूलर पाइप घ्यावेत का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भोसरीच्या गॅरेजात टर्बो गाड्यांचं काम करताना हा विषय दर उन्हाळ्यात निघतो. मार्चपासून फोन सुरू होतात, फोटो येतात, "एवढे पैसे घालू का?" अशी विचारणा होते. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. जिथे आकडे आहेत तिथे उदाहरणाला एकच गाडी धरली आहे: दीड लिटरचं पेट्रोल टर्बो इंजिन, साधारण १५० हॉर्सपॉवर, १ बार बूस्ट (टर्बोने हवेचा वाढवलेला दाब), बाहेर ३५ अंश सेल्सिअस. गणित आमचंच आहे आणि कुणालाही ते पडताळून पाहता येईल.

१. इंटरकूलर पायपिंग म्हणजे नेमकं काय, आणि ते असतं कुठे?

टर्बो इंजिनात जाणारी हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. ३५ अंशांची हवा १ बार बूस्टला दाबली की साधारण १३० अंशांपर्यंत जाते. ती थंड करायला इंटरकूलर लागतो. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा पाइप ही गरम बाजू. इंटरकूलरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा (इंजिनात किती हवा जाईल ते ठरवणाऱ्या झडपेपर्यंतचा) पाइप ही थंड बाजू, आणि तिथली हवा चालत्या गाडीत ४५ ते ६० अंशांच्या आसपास असते. कंपनीतून येणाऱ्या गाडीत हे पाइप बहुधा ग्लास फायबर मिसळलेल्या नायलॉनचे असतात आणि जोडांना रबरी होज असतात. पुढची सगळी उत्तरं गरम आणि थंड या दोन बाजू वेगळ्या धरूनच वाचा. बहुतेक गोंधळ त्या एकत्र केल्यामुळे होतो.

२. हवा थोडी गरम असली तर एवढं काय बिघडतं?

५० अंशांच्या आसपास हवा १० अंशांनी तापली की तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी घटते, म्हणजे सिलिंडरमध्ये तेवढा ऑक्सिजन कमी जातो. पेट्रोल गाडीत याहून मोठी अडचण नॉकिंगची, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप, अवेळी पेटण्याची. हवा गरम दिसली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि गाडी ओढत नाही. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला गाडी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

३. कार्बन उष्णता वाहून नेत नाही, मग त्यातली हवा जास्त थंड राहणारच ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

कार्बन पाइपांच्या जाहिरातीत उष्णतावाहकतेचा जो आकडा देतात तो खरा असतो. पाइपासाठी वापरतात त्या ६०६१ ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता मीटर-केल्विनला १६७ वॉट आहे. कार्बन-इपॉक्सीच्या, म्हणजे इपॉक्सी रेझिनने चिकटवलेल्या कार्बनच्या, जाडीतून आरपार ती १ वॉटहूनही कमी. दीडशे-दोनशे पटींचा फरक आहे. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

बॉनेटखालची उष्णता पाइपातल्या हवेपर्यंत पोचायला तीन टप्पे लागतात: बाहेरच्या हवेतून पाइपाच्या पृष्ठभागावर, मग पाइपाच्या भिंतीतून, मग भिंतीवरून आतल्या हवेत. हवा स्वतःच उष्णतेची वाईट वाहक आहे, त्यामुळे खरी अडवणूक पहिल्या टप्प्यालाच होते. ॲल्युमिनियमच्या पाइपात एकूण अडथळ्यापैकी ८० टक्क्यांहून जास्त अडथळा बाहेरच्या हवेचा, उरलेला जवळजवळ सगळा आतल्या हवेचा, आणि भिंतीचा वाटा नगण्य. तिथे दीड मिलिमीटर कार्बनची भिंत घातली तर तिचा वाटा ५ टक्क्यांच्या आसपास जातो. एसटीच्या दारातच गर्दी तुंबली असेल तर आतली वाट रुंद आहे की अरुंद, याने चढायला लागणारा वेळ बदलत नाही.

आता आकड्यांत पाहू. आपल्या उदाहरणाच्या गाडीत पूर्ण थ्रॉटलला ५० मिमी पाइपातून हवा सेकंदाला सुमारे २७ मीटर वेगाने जाते, म्हणजे एक मीटर पाइपात ती सेकंदाचा पंचविसावा भागसुद्धा थांबत नाही. बॉनेटखाली ९० अंश आणि पाइपात ४५ अंश धरले तर एक मीटर ॲल्युमिनियममधून जाताना हवा साधारण दीड अंशाने तापते. कार्बनमधून जाताना १.४ अंशांनी. हा फरक साध्या सेन्सरच्या चुकीत बुडून जातो.

गाडी पळत असताना थंड हवेसाठी म्हणून कार्बन पाइप घेण्यात अर्थ नाही, हे मी प्रत्येकाला पैसे खर्च होण्याआधी सांगतो.

४. पण सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये पाइप तापतो त्याचं काय?

इथे कार्बनची बाजू थोडी बरी आहे. आयडलिंगला हवा इतकी कमी वाहते की कुठल्याही पाइपात ती बॉनेटखालच्या तापमानाजवळ जाते. सिग्नल सुटल्यावर तापलेला पाइप स्वतःतली उष्णता आतल्या हवेला देतो. ६३ मिमी व्यासाच्या, दोन मीटर ॲल्युमिनियम पाइपात कार्बनच्या दीडपटीहून जास्त उष्णता साठते. सलग पूर्ण थ्रॉटल ठेवला तर ॲल्युमिनियमला त्यातला मोठा भाग सोडायला अर्धा मिनिट लागतो, कार्बनला वीसेक सेकंद.

यात दोन गोष्टी धरायच्या राहतात. लवकर निवणारी वस्तू लवकर तापतेही, त्यामुळे लांब सिग्नलला कार्बन आधी गरम होतो. दुसरं, तुमच्या गाडीतला मूळ पाइप बहुधा प्लॅस्टिकचा असतो, ॲल्युमिनियमचा नाही. म्हणून ही तुलना फक्त ज्यांनी आधीच ॲल्युमिनियम बसवलंय त्यांच्या कामाची. शिवाय ट्रॅफिकमध्ये इंटरकूलर स्वतः तापलेला असतो, आणि तो पाइपांहून कितीतरी जड.

५. गरम बाजूलाही कार्बन बसवू का? सेट पूर्ण दिसेल.

नको. कार्बनचा धागा उष्णतेला घाबरत नाही, पण त्याला धरून ठेवणारी रेझिन घाबरते. साध्या तापमानाला सुकवलेली इपॉक्सी ६० ते ८० अंशांनाच मऊ पडू लागते. ओव्हनमध्ये नीट शिजवलेली प्रीप्रेग (आधीच रेझिन भरलेलं कार्बनचं कापड) १२० ते १८० अंशांपर्यंत टिकते, पण ती रेझिनच्या प्रकारावर आणि भट्टीच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. गरम बाजूला १ बारला १३० अंश होतात. रीमॅप करून, म्हणजे ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलून, बूस्ट १.४ बार केला तर १६० अंशांच्या घरात.

काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाने बाहेरून करून आणलेला पाइप आम्ही त्याच्या आग्रहाखातर टर्बोच्या तोंडाशी बसवला. ताम्हिणी घाट चढून उतरेपर्यंत क्लॅम्पखालचं टोक अंडाकृती झालं होतं आणि होज निसटला. कुणाला इजा झाली नाही, पण तेव्हा नाही म्हणायला हवं होतं, ही खंत मला आजही आहे.

आणखी एक साधी गोष्ट: गरम बाजूच्या हवेतली उष्णता बाहेर गेलेलीच बरी. तिथे ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील किंवा चार-पाच थरांचा सिलिकॉन होज वापरा.

६. वजन किती वाचतं?

६३ मिमी व्यास, १.६ मिमी जाडी, दोन मीटर लांबी: ॲल्युमिनियम सुमारे १.७ किलो, तेवढ्याच जाडीचा कार्बन १ किलोहून किंचित कमी. बचत ७०० ग्रॅम, म्हणजे टाकीतलं एक लिटर पेट्रोल. माइल्ड स्टीलचे पाइप असतील तर ते ४.८ किलोचे, त्यांच्या बदली ॲल्युमिनियम घेतलं तरी तीन किलो सुटतात. मूळ प्लॅस्टिक पाइपाच्या तुलनेत कार्बनची बचत आणखी कमी. क्लॅम्प आणि होज सगळीकडे तेच लागतात.

७. आतून गुळगुळीत असल्यामुळे पिकअप सुधारतो का? लॅग (पेडल दाबल्यावर बूस्ट येईपर्यंतचा उशीर) कमी होतो का?

आपल्या उदाहरणाच्या गाडीत ५० मिमी सरळ पाइपात मीटरमागे दाब कमी होतो तो ०.००३ बारच्या आसपास. तीव्र वळणामागे जवळजवळ तेवढाच. इतक्या लहान आकड्यात भिंतीच्या गुळगुळीतपणाचा वाटा शोधून सापडणार नाही.

लॅगवर परिणाम होतो तो पाइपाच्या पोटातल्या जागेचा. दोन मीटरचा ५० मिमी पाइप सुमारे ४ लिटर हवा धरतो, ७६ मिमीचा ९ लिटर. ती जास्तीची जागा टर्बोला दर वेळी भरावी लागते. १५० हॉर्सपॉवरच्या गाडीला तीन इंची पाइप घालून "आता मोकळा श्वास घेते" म्हणणारे बरेच भेटतात, आणि त्यांची गाडी खालच्या आरपीएमला आधीपेक्षा सुस्त झालेली असते. तुमच्या पाइपात एखादं चिमटलेलं वळण असेल तर ते मात्र नक्की बदला, कुठल्याही पदार्थात.

८. बूस्ट वाढवल्यावर कार्बन पाइप फुटणार नाही ना?

नीट बनवलेल्या पाइपाची भिंत फुटत नाही. १.५ बारला तिच्यावर येणारा ताण जेमतेम ३ मेगापास्कल असतो, कार्बनच्या ताकदीपुढे तो काहीच नाही.

अडचण जोडाला येते. ६३ मिमी पाइपाच्या टोकावर १.५ बार दाब म्हणजे जवळजवळ ४८ किलोचा जोर होज ओढून काढायला बघतो, आणि थ्रॉटल सोडल्यावर त्याला झटके बसतात. ॲल्युमिनियमच्या टोकाला बीड काढणं पाच मिनिटांचं काम आहे. होज घसरू न देणारा तो गोल उभार कार्बनमध्ये साच्यातच धरावा लागतो, किंवा टोकाला ॲल्युमिनियमची रिंग चिकटवावी लागते. चिकटवलेल्या रिंगेची स्वतःची कटकट आहे: तापल्यावर ॲल्युमिनियम बरंच पसरतं आणि कार्बन जवळजवळ पसरत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत गोंदाचा थर ताणला जातो. त्यात टी-बोल्ट क्लॅम्प जोर लावून आवळला तर कार्बनचे थर आतल्या आत सुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

हे वाचून प्लॅस्टिकच चांगलं असंही समजू नका. बीएमडब्ल्यूच्या एन५५ इंजिनाचा मूळ प्लॅस्टिक चार्ज पाइप (दाबलेली हवा नेणारा पाइप) बूस्ट वाढवल्यावर तडकतो, हे त्या गाड्यांच्या मालकांना जगभर ठाऊक आहे. त्यावर बहुतेकांनी शोधलेला आणि टिकलेला उपाय ॲल्युमिनियमचा पाइप हाच.

९. माझ्याकडे टायगुन/व्हर्टस/कुशाक/स्लाविया १.० टीएसआय आहे. मला कुठला सेट लागेल?

या इंजिनात इंटरकूलर पाण्याने थंड होणारा आहे आणि तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला आहे. समोर बंपरमागे जाऊन परत येणारे लांब पाइप यात नसतातच. टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा जो लहान तुकडा आहे तो गरम बाजूचा, म्हणजे प्रश्न ५ लागू. "युनिव्हर्सल कार्बन पायपिंग किट" तुमच्यासाठी नाही.

जुन्या ३.० डिझेल फॉर्च्युनरसारख्या गाड्यांत इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर, बॉनेटवरच्या हवा घेणाऱ्या स्कूपखाली असतो. तिथेही पाइप आखूड. स्कूप आणि इंटरकूलरमधलं सील फाटलं नाही ना, ते आधी बघा. तिथून जितकी थंड हवा वाया जाते तितकी कुठलाही पाइप परत मिळवून देत नाही.

१०. पाइप टर्बोच्या अगदी जवळून जातो. तिथे तरी कार्बन चांगला?

उलट. तापलेल्या टर्बोकडून येणारी उष्णता बरीचशी प्रारणाने येते, चुलीसमोर बसल्यावर तोंडाला लागते तशी. चकचकीत ॲल्युमिनियम ती बहुतांश परत फेकतं, काळा कार्बन ती शोषून घेतो. टर्बोला उष्णता अडवणारं ब्लँकेट घाला, मध्ये पत्र्याची हीट शील्ड लावा, आणि पाइपाच्या त्या भागावर सोनेरी परावर्तक टेप गुंडाळा. टेप गुंडाळल्यावर खालचा पाइप कशाचा आहे हे दिसतही नाही.

११. मी रत्नागिरीला राहतो. खाऱ्या हवेत आणि पावसात कार्बन टिकतो का?

कार्बन स्वतः गंजत नाही, पण त्याला टेकलेलं ॲल्युमिनियम गंजतं. कार्बन वीज वाहतो. त्यात खारट ओलावा मिळाला की दोघांची बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. प्रश्न ८ मधल्या चिकटवलेल्या रिंगा, ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, इंटरकूलरची नळी, सगळीकडे हा धोका आहे. मधे ग्लास फायबरचा पातळ थर असेल किंवा होजची रबरी बाही दोघांना पूर्ण वेगळं ठेवत असेल तर काळजी नाही. क्लॅम्प स्टेनलेसचे घ्या. कोकण आणि गोव्याच्या गाड्यांत दर पावसाळ्यानंतर एक जोड उघडून पांढरी पूड दिसते का ते पाहायला मी सांगतो.

१२. रेसिंगच्या गाड्यांत तर सगळीकडे कार्बन असतो!

असतो, आणि तिथे तो शोभतो. १९८१ मध्ये मॅक्लारेनने एमपी४/१ गाडीला कार्बनचा सांगाडा दिला, त्यानंतर फॉर्म्युला वनमध्ये तोच रिवाज झाला. पण त्या संघांकडे स्वतःचे साचे आणि ऑटोक्लेव्ह (दाबाखाली शिजवणाऱ्या भट्ट्या) असतात. अगदी अडचणीच्या जागेत बसणारा, धातू वाकवून न होणारा आकार त्यांना कार्बनमध्ये मिळतो, आणि प्रत्येक भाग ठरलेल्या किलोमीटरनंतर तपासून बदलला जातो. आपण पाइप एकदा बसवतो आणि सहा वर्षं त्याच्याकडे बघत नाही.

१३. खरा कार्बन कसा ओळखू?

बाजारात तीन प्रकार दिसतात: ॲल्युमिनियमवर छापील फिल्म चढवलेला, ॲल्युमिनियम किंवा ग्लास फायबरवर कार्बनचा एकच थर चढवलेला, आणि पूर्ण कार्बनचा. कापलेलं टोक पाहा. आतून चंदेरी किंवा पिवळट-पांढरं दिसलं तर तो वरचाच थर. वजन करा आणि प्रश्न ६ मधल्या आकड्यांशी ताडून बघा. विणीच्या रेषा वळणावर थोड्या ताणल्या जातात, छापील फिल्ममध्ये त्या हुबेहूब एकसारख्या येतात किंवा सांध्यावर तुटतात. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: रेझिन किती अंशांपर्यंतची आहे? उत्तर आकड्यात आलं नाही तर पुढे जाऊ नका.

१४. सेन्सर, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह किंवा मीथेनॉल इंजेक्शनसाठी पाइपाला भोक पाडता येईल का?

ॲल्युमिनियमला बंग (सेन्सर किंवा नोझल बसवायची आटेदार रिंग) वेल्ड करता येतो, कार्बनला नाही. तयार कार्बन पाइपाला भोक पाडलं की धागे तुटतात, कडा उघड्या पडतात आणि तिथून थर सुटायला सुरुवात होते. बंग साच्यातच धरून बनवलेला पाइप मागा. मीथेनॉल काही इपॉक्सींना मऊ करतं, म्हणून ते फवारणाऱ्या नोझलच्या पुढचा भाग ॲल्युमिनियमचाच ठेवा. कापाकापी करायचीच असेल तर मास्क लावून, पाणी मारत करा. ती काळी पूड फुफ्फुसात जाऊ देऊ नका आणि पाइपात राहू देऊ नका. फिल्टर टर्बोच्या अलीकडे असतो, त्यामुळे इथली पूड थेट इंजिनात जाते.

१५. वॉरंटी, इन्शुरन्स आणि आरटीओचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा रोख आरसीवरच्या आणि निर्मात्याने दिलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी होण्यावर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. पाइप कशाचा आहे हे आरसीवर लिहिलेलं नसतं, पण त्याच्या जोडीला येणारे रीमॅप आणि मोठा टर्बो ही वेगळी गोष्ट. इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवा. वॉरंटी चालू असेल तर मूळ पाइप जपून ठेवा, आणि इंजिनाच्या दाव्यावर वाद होऊ शकतो हे धरून चाला.

१६. मग कार्बन पाइप घ्यावा असं कुणाला सांगता?

ज्यांच्या गाडीत थंड बाजूचा आकार इतका वेडावाकडा आहे की ॲल्युमिनियमला चार वेल्ड लागतील आणि कार्बनमध्ये तो एका साच्यात सुटेल, त्यांना. किलो-किलो मोजून गाडी हलकी करणाऱ्या आणि बाकी सगळं आधीच करून झालेल्या स्पर्धकांना. आणि ज्यांना बॉनेट उघडल्यावर तो बघायला आवडतो, त्यांना. हे तिसरं कारण मी मनापासून मानतो. आपल्या गाडीवर प्रेम असणं यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त ते पैसे दिसण्यासाठी चाललेत हे स्वतःला ठाऊक असावं.

१७. तेवढ्याच पैशात उन्हाळ्यात गाडी बरी ओढेल असं काय करता येईल?

पहिलं काम प्रेशर टेस्ट किंवा स्मोक टेस्ट. "गाडी ओढत नाही" म्हणून आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत फाटका होज, सैल क्लॅम्प किंवा इंटरकूलरच्या प्लॅस्टिक टाकीची कड सुटलेली असं नेहमी सापडतं. जोडापाशी तेलकट चिखल साचला असेल तर तिथून हवा जाते असं समजा. मग इंटरकूलर आतून तेल आणि बाहेरून चिखल-किडे काढून स्वच्छ करा. त्यानंतर बंपरमधून येणारी हवा इंटरकूलरच्या बाजूने निसटू नये म्हणून फोमच्या पट्ट्या आणि डक्ट. हे सगळं होऊनही तापमान चढत असेल तरच मोठा इंटरकूलर.

मोजल्याशिवाय काही बदलू नका. साधा ओबीडी अडॅप्टर (ईसीयूतले आकडे वाचणारं उपकरण) आणि फोन पुरतो. एकच चढ, एकच गियर, दिवसाची एकच वेळ धरून इनटेक तापमान नोंदवा, बदल करा, पुन्हा नोंदवा. फक्त तो सेन्सर इंटरकूलरच्या आधी आहे की नंतर, ते पाहून घ्या. काही गाड्यांत तो एअर फिल्टरजवळ असतो आणि मग आकडे काहीच सांगत नाहीत.

१८. मी आधीच घेतलाय, आणि आता क्लॅम्पजवळ पांढरट डाग दिसतोय. चालवू का?

चालवू नका. पिवळसर झालेला वरचा लॅकर ही उष्णतेने रंग बदलल्याची खूण, ती फक्त दिसण्यापुरती. क्लॅम्पच्या कडेला आलेला पांढरा, धुरकट डाग म्हणजे बहुधा थर सुटायला लागलेत. नाण्याने हलके टकटक करत पाइपावरून फिरा. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या भागाचा बद्द. बद्द आवाज आला तर पाइप काढा. वरून इपॉक्सी फासून तो पुन्हा बसवू नका, कारण तुकडा सुटला तर त्याची पुढची जागा थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह. तोवर मूळ प्लॅस्टिक पाइप परत लावा आणि बूस्ट वाढवला असेल तर रीमॅप स्टॉकवर आणा.